पिवळा लखोटा उतरून निळा लखोटा गादीवर बसला त्याची हकीकत

श्री लेखणी प्रसन्न. सांगणाराची जीभ आणि ऐकणाराचे कान, दोहोंस ईश्वर सुखरूप राखो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, माघमासी एके राज्यी डाकेच्या कारभारात उलथापालथ जाहली, तिचे वर्तमान जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव विचारू नये. नाव लिहिले तर तेथून पत्र येते.

आधी लाभाचा अदमास सांगतो, कारण लाभ दिसल्यावाचून कोणी दुसऱ्याच्या संगणकास हात लावीत नाही. सहचिटणीस अवधूतराव शेंडगे यांस या उलाढालीत चिटणीसांची खुर्ची मिळावयाची होती, जी खिडकीपाशी होती आणि जीस हात टेकावयास दांडे होते. आणि डाकेचा परवलीचा शब्द मिळावयाचा होता, जो चौदा वर्षे चिटणीसबाईंच्या डोक्यात होता आणि कागदावर कोठेही नव्हता. आणि या दोहोंहून जिवाला लागलेली गोष्ट ही, की राज्यातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली आपले नाव असावे. सहचिटणीसाचे नाव पत्राखाली येत नाही, फक्त चहाच्या वर्गणीत येते, हे शल्य त्यांस नऊ वर्षे होते.

राज्य लहान. एक खोली, एक लोखंडी कपाट, एक जुने सभागृह, आणि दर वैशाखात सात दिवस व्याख्यानमाला भरवावी हाच राजधर्म. गादीवर श्रीमंत त्र्यंबकराव हुपरीकर, वय अठ्ठ्याहत्तर, मनाचे लोण्यासारखे आणि रागाचे फटाक्यासारखे. यंदा मालेचे पंचाहत्तरावे वर्ष, आणि नेमके यंदाच राज्याच्या सभागृहाचे छत उतरू लागले, आणि त्याचा एक तुकडा बैठकीत खजिनदारांच्या पोह्यांच्या बशीत पडला, तेव्हा ते सभागृह बंद करावे लागले. गावात दुसरे मोठे सभागृह एकच, नदीपलीकडे राजश्री दिगंबरपंत बेलवलकर यांचे. पंत आणि श्रीमंत एका पाटीवर शिकलेले, एका डब्यात जेवलेले. परंतु आठ वर्षांपासून दोघांत बोलणे नाही, कारण कोणास ठाऊक नाही, आणि विचारण्याची छाती कोणास नाही. सभागृहासाठी तीन पत्रे धाडिली, उत्तर एकाचे नाही. श्रीमंत तर बोलून बसले होते, "पंचाहत्तरावे वर्ष डोळ्यांनी पाहीन आणि मग गादी सोडीन." सभागृह न मिळते तर गादी सोडणे राहिले असते आणि वर्ष पाहणेही राहिले असते. सर्वांचा जीव त्या एका उत्तरात अडकला होता.

आता डाकेची व्यवस्था सांगतो. राज्यात संगणक एक होता आणि त्यात लिनक्स नामे प्रणाली होती, जी कोणाची मिरास नाही आणि जीस खंडणी द्यावी लागत नाही, म्हणोन खजिनदार बापूसाहेब कोठावळे यांनी ती मोठ्या आनंदाने आणविली होती. नवरीसंगे रुखवत यावे तैसी त्या प्रणालीसंगे काही चाकरमंडळी आयतीच आली, आणि त्यात ईमेल नेणारा एक प्रोग्राम होता, ज्याचे चिन्ह पिवळा लखोटा, म्हणोन त्यास सर्व पिवळाच म्हणत. त्यास कोणी नेमिले नव्हते, आणि नेमिले नव्हते म्हणोन कोणी काढीतही नव्हते. राज्यात ऐशी मनुष्येही पुष्कळ होती.

पिवळ्यावर स्वारी करीत त्या चिटणीस इंदुमतीबाई चांदेकर. त्यांची रीत ऐशी, की दिवसभर पिवळ्यास ऑफलाइन ठेवावे, म्हणजे दार लावून ठेवावे, आणि श्रीमंत एका बोटाने टंकून पाठविण्याची कळ दाबीत ते पत्र बाहेर न जाता जावक पेटीत बसून राही. मग सायंकाळी पाच वाजता बाई मायना पाहून पाहून एकेक शहाणे पत्र सोडीत, आणि तापलेली पत्रे तेथेच निवू देत. दुसऱ्या दिवशी श्रीमंत येऊन हळूच विचारीत, "बाई, त्या आचाऱ्यास काल लिहिले ते गेले काय?" बाई म्हणत, "निघतेच आहे, साहेब." "अहो, धरा त्यास! आमटी तितकी खारट नव्हती." "धरिले, साहेब." आणि श्रीमंत निःश्वास टाकून चहा घेत. धरिलेले पत्र बाई पुसून मात्र टाकीत नसत, कारण आलेले टिपावे आणि लिहिलेले राखावे, दफ्तरातला कागद फाडू नये, हा त्यांचा नेम. ऐशी चौदा वर्षांत पेटीत त्रेसष्ट पत्रे साठली, आणि राज्याची सर्वांशी मैत्री राहिली, आणि ती कशाने राहिली हे एका बाईंस ठाऊक.

मग माघ वद्य द्वितीयेस बैठक भरली आणि अवधूतराव उभे राहून बोलिले, "श्रीमंत, पंतांकडून उत्तर नाही, यात दोष पंतांचा नाही, दोष पिवळ्याचा. बाईंच्या पेटीत पत्र मुरंब्यासारखे मुरते. माझ्या मेहुण्याकडे निळा लखोटा आहे. इकडे बोट उचलले की तिकडे पत्र!" बाई म्हणाल्या, "बोट उचलण्याआधी डोके खाजवावे लागते, अवधूतराव. त्याची सोय निळ्यात आहे काय?" दरबार हसला. अवधूतराव म्हणाले, "बाई, जग कोठे गेले आणि आपण कोठे!" बाई म्हणाल्या, "जग परत येईल पाच वाजता." परंतु श्रीमंत सभागृहाच्या चिंतेने घायकुतीस आले होते. त्यांनी खजिनदारांकडे पाहिले. बापूसाहेबांनी एकच विचारिले, "फुकट आहे ना?" अवधूतराव म्हणाले, "सर्वस्वी फुकट." "मग दोन आणा," ऐसे बापूसाहेब बोलिले, आणि मसलत पक्की जाहली.

मग अवधूतरावांनी प्रणालीच्या भांडारातून निळा बोलाविला, आणि भांडाराने परवलीचा शब्द मागितला, आणि बाईंनी पदराआडून तो टंकून दिला, आणि निळा उतरला. अवधूतरावांनी ऐटीत एका पत्त्यावर टिचकी मारिली तो पिवळाच हजर! पुन्हा मारिली, पुन्हा पिवळा. तिसऱ्यांदा मारिली तेव्हा बापूसाहेब म्हणाले, "जुना गडी आहे. हाक कोणासही मारा, ओ तोच देणार." शेवटी बाईंनाच दया येऊन त्या म्हणाल्या, "अहो, नवा माणूस आणिला म्हणजे जुन्याची सनद आपोआप सुटत नाही. सेटिंगमध्ये जा. कोणत्या कामास कोणता प्रोग्राम, याचे पान आहे. तेथे डाकेपुढे पिवळ्याचे नाव आहे ते बदला." आणि बाईंनीच बोट ठेवून पान दाखविले, आणि निळा गादीवर बसला. अवधूतराव पिवळ्यास समूळ काढावयास निघाले, तो प्रणालीने बजाविले की हा गेला तर पंचांग आणि पत्त्यांची वहीही याजबरोबर जाईल. तेव्हा पिवळा कोपऱ्यात पेन्शनीत राहिला.

मग निळ्याने पिवळ्याचे जुने दफ्तर ताब्यात घेतले आणि पडद्यावर पुसिले, "जावक पेटीत त्रेसष्ट पत्रे रवाना व्हावयाची राहिली आहेत. रवाना करावीत काय?" हे वाचून अवधूतरावांस गगन ठेंगणे जाहले. ते ओरडले, "पाहा! पाहा श्रीमंत! हुजुरांची त्रेसष्ट पत्रे या पिवळ्याने अडकवून ठेविली!" बाई खुर्ची लोटून उठल्या. "अवधूतराव, थांबा. आधी वाचा तरी ती." अवधूतराव म्हणाले, "वाचीत बसलात म्हणोनच अडकली, बाई," आणि 'होय' दाबिले. कोणी टाळ्याही वाजविल्या.

टाळ्या सरतात न सरतात तो अवधूतरावांच्याच खिशात मोबाइल किणकिणला. पहिले पत्र त्यांसच होते, सहा वर्षांपूर्वीचे. "राजश्री शेंडगे यांस. काल वक्ते चाळीस मिनिटे बोलले आणि त्यांचे आभार मानावयास आपण पंचेचाळीस घेतलीत. पुन्हा माइकास हात लावाल तर सभासदत्वास मुकाल." अवधूतरावांनी मोबाइल पालथा ठेविला. मग राज्याचा टेलिफोन वाजू लागला तो थांबेना. आचारी विचारी, "सहा वर्षांनी आमटी खारट लागली काय?" ज्यांस श्रीमंतांनी 'आपले भाषण संपले हीच त्यातील उत्तम कल्पना' ऐसे लिहिले होते ते प्राध्यापक म्हणाले, "मी यंदाचा पहिला वक्ता आहे. होतो." ईशस्तवन गाणाऱ्या बाई तर काही न बोलता नुसत्या रडल्या, आणि तेही सुरात नव्हते, ऐसे बापूसाहेब हळूच म्हणाले.

बाईंनी रवाना जाहलेल्यांची यादी वरून खाली पाहिली आणि एके जागी त्यांचे बोट थांबले. त्या म्हणाल्या, "साहेब, एक बेलवलकरांसही गेले. आठ वर्षांपूर्वीचे, श्रावणातले. मायना पाहूनच मी बाजूस ठेविले होते. मायना 'अरे गाढवा' असा आहे." बापूसाहेब म्हणाले, "गेले सभागृह." श्रीमंतांनी चष्मा काढिला. "श्रावणातले?" ते म्हणाले. "ते गेले नव्हते?" आणि चष्मा हातातच ठेवून घरी गेले. सर्वांनी जाणिले की भयाने गेले. ते भय नव्हते, हे दुसऱ्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी रिक्षातून दिगंबरपंत स्वतः उतरले, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात छापलेला कागद. दरबार उठून उभा राहिला, अवधूतराव कपाटाआड. पंतांनी कोणाकडे न पाहता कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचिला. "अरे गाढवा, वहिनी गेल्या आणि मला ते तिसऱ्याकडून कळते? तुझ्या डब्यातली पोळी मी कधी विचारून खाल्ली नाही, आणि आता तुझ्या दुःखात मात्र विचारून यायचे? तरी विचारतो. एक शब्द लिही, मी निघतो. घरात एकटा बसू नकोस." कागद खाली आला. पंत म्हणाले, "त्र्यंबक, आठ वर्षे मला वाटले, तू एक ओळ लिहिली नाहीस." श्रीमंत म्हणाले, "आठ वर्षे मला वाटले, तू एक शब्द लिहिला नाहीस." आणि दोघे म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले, आणि बापूसाहेबांस छताकडे पाहण्याचे काम निघाले.

तेव्हा इंदुमतीबाई पुढे आल्या. गप्प राहत्या तर दोष पिवळ्याच्या माथी गेलाच होता, परंतु त्या बोलिल्या, "पंत, पत्र मी अडविले. पहिली ओळ वाचली आणि पुढे वाचले नाही. साहेबांनी या एकाची चौकशीही केली नाही, तेव्हाच मला कळावयास हवे होते." आणि परवलीचा शब्द चिठीवर लिहून तो श्रीमंतांपुढे ठेविला आणि खिडकीपाशील खुर्ची मोकळी केली. पंत म्हणाले, "बाई, याचा मायना वाचून कोणीही अडविले असते. शाळेत मास्तर पहिल्या ओळीसच छडी घेत." मग श्रीमंतांकडे वळून म्हणाले, "सभागृह घे. पण जेवणास तोच आचारी हवा. त्याची आमटी मला आवडते." श्रीमंत म्हणाले, "खारट असते रे." पंत म्हणाले, "तुझी जीभच तशी." आणि आठ वर्षांचे भांडण तेथून पुढे रीतसर सुरू जाहले.

मालेचे पंचाहत्तरावे वर्ष वैशाखात नदीपलीकडे यथासांग पार पडले, त्याआधीचे दोन महिने त्या मोकळ्या खुर्चीवर अवधूतराव चिटणीस होते, आणि सुटलेल्या पत्रांची क्षमा मागणे हेच त्यांचे पहिले काम जाहले. त्यांनी वीस क्षमापत्रे लिहिल्यावर एकविसाव्यास मान वर करून विचारिले, "बाई, या निळ्यास ते दार नाही काय हो, लावून ठेवावयाचे?" शेजारच्या बाकावर बाई बसल्या होत्या, आता प्रत्येक पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच पुढे देत. त्या म्हणाल्या, "आहे. आधी हे पूर्ण करा, मग दाखविते."

सारांश. निळा फुकट आला म्हणोन बापूसाहेबांचे काही गेले नाही. श्रीमंतांची आठ वर्षे गेली आणि पंतांचीही आठ. बाईंनी खुर्ची दिली आणि ती परत मागितली नाही. अवधूतरावांस जे जे हवे होते ते सर्व पदरी पडले, दांड्यांची खुर्ची, परवलीचा शब्द, आणि एकसष्ट पत्रांखाली आपले नाव, प्रत्येकात वरती 'क्षमस्व'. पंतांच्या पत्रास क्षमा मागावी लागली नाही. बासष्टावे क्षमापत्र राज्याकडून राजश्री अवधूतराव शेंडगे यांस जावयाचे होते. तेही नियमाप्रमाणे चिटणीसांनीच लिहिले, खाली सही केली, शेवटपर्यंत वाचिले, एक रात्र पेटीत ठेविले, आणि मग सोडिले.