नॉब की माउस, एवढं सांगा

भूकंपानंतर लातुरात स्थापन झालेल्या आपत्कालीन हौशी रेडिओ मंडळापुढे त्या वर्षी एकच आपत्ती होती. रेडिओ आता संगणकात शिरला होता आणि त्यावरचं स्टेशन नॉब फिरवून लावावं की माउस हलवून, यावरून मंडळात उभी फूट पडली होती. अध्यक्ष माधवरावांचा फिजिक्सचा क्लास होता आणि ते नॉबचे. सचिव गंधार सरांचाही फिजिक्सचाच क्लास, तोही समोरच्याच इमारतीत, म्हणून ते माउसचे. लातुरात तात्त्विक मतभेदाला एवढं कारण पुरतं.

नांदेडजवळच्या लोहा गावचे घड्याळवाले खाजामियाँ मंडळाचे जुने सभासद. दर रविवारी रेडिओवर सभा भरे, ज्याने त्याने आपापल्या घरूनच बोलायचं, आणि ते बिचारे मुकाट्याने हा वाद ऐकत. अशाच एका रविवारी जमीन हलली. न्हाणीची दगडी भिंत कोसळली आणि त्यांची बायको शहजादीबी गुडघ्यापर्यंत दगडांखाली अडकली. शेजारी धावले, पण दगड हलेना. फोन सगळे ठप्प. खाजामियाँ रेडिओकडे पळाले.

“हॅलो लातूर! लोह्याहून खाजामियाँ बोलून राहिलो. बायकोचा पाय भिंतीखाली हाय. नांदेडला कळवा, गाडी पाठवा!”

“सभा चालू आहे,” माधवराव म्हणाले. “शंका शेवटच्या दहा मिनिटांत.”

“शंका न्हाई साहेब, जीव चालला तिचा!”

“आवाज किंचित घसरतोय, ऐकलंत?” गंधार सर खुशीत आले. “हा नॉबचाच दोष.”

“उलट, असं माउसनेच होतं! खाजामियाँ, नॉब की माउस, एवढं सांगा.”

नॉब म्हणावं तर गंधार सर रुसणार, माउस म्हणावं तर माधवराव. मागे शहजादीबी जोरात किंचाळली.

“मागे खरखर फार आहे,” गंधार सर म्हणाले. “फिल्टर लावा. माउसला एका क्लिकचं काम.”

अशा वेळी माणसाने शिव्या द्यायच्या असतात. खाजामियाँना रडू आलं.

“दोन्ही हाय म्हणा साहेब! पण आधी गाडी पाठवा!”

“पर्याय एकच निवडायचा असतो,” दोघेही एकदम म्हणाले. मंडळाच्या इतिहासातलं हे पहिलं एकमत.

खाजामियाँनी हेडफोन भिरकावला आणि ते रस्त्यावर धावले. उभ्या ट्रकचा जॅक आणून शेजाऱ्यांनी दगड उचलला आणि शहजादीबीला टेम्पोत घालून नांदेडला नेलं. इकडे आपत्काळात लोह्याशी यशस्वी संपर्क साधल्याबद्दल मंडळाने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव मंजूर केला. संपर्काच्या साधनाची जागा मतभेदामुळे कोरी ठेवण्यात आली.

हल्ली खाजामियाँच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक ही हकीकत मन लावून ऐकतं, हळहळतं आणि मग काउंटरवर झुकून विचारतं, “ते लई वाईट झालं मियाँ. पर खरं सांगा, नॉब होता का माउस?”

शहजादीबीचा पाय राहिला की कापला, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. आणि वाचकहो, तुम्ही तरी मघापासून कशाच्या उत्तराची वाट बघत होता?