बिनक्लचची गाडी

लालासाहेबांचं घर दोनशे पावलांवर आलं आणि गोडोलीच्या चढावर गाडी थांबली. इंजिन बंद पडलं असतं तर अक्षताला एवढं वाटलं नसतं. पण इंजिन चालू होतं. ॲक्सिलरेटर दाबला की आभाळ डोक्यावर घेत होतं आणि चाकं जागची हलत नव्हती. गाडी उलट हळूच मागे सरकायला लागली, तेव्हा तिने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि उतरून मागच्या चाकाला दगड लावला.

तिचे वडील, आण्णा, जाऊन चार महिने झाले होते. जाताना त्यांनी एकच काम मागे ठेवलं होतं. "गाडी लाल्याला दे. पण चालती दे. बंद गाडी पाठवलीस तर तो कोंबड्या पाळील तिच्यात, चालवायचा न्हाई."

पंचवीस वर्षांपूर्वी फौजेत असताना एकाच सुरुंगाने आण्णांचा डावा गुडघा कायमचा आखडला आणि लालासाहेबांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. आण्णांनी मुंबईच्या एका लिलावातून ही परदेशी, बिनक्लचची गाडी आणली आणि कुंडलच्या रस्त्यांवर ती हयातभर फिरवली. लालासाहेब पलटणीतले एक नंबरचे ड्रायव्हर. पण दुसऱ्याच्या गाडीला हात लावणार नाही म्हणाले, आणि स्वतःची घेतली नाही. तेव्हापासून ते गेटाशी खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकत बसत.

हा आवाज मात्र सगळ्या गल्लीने ऐकला. गल्ली निवृत्त फौजींची. तिथे तापापासून तुंबलेल्या मोरीपर्यंत कशाचंही निदान हुद्द्याप्रमाणे व्हायचं. आधी केरबा सुभेदार बोलणार, मग जालिंदर हवालदार. आणि हवालदाराने सुभेदाराला खोटं पाडायचं नाही.

"क्लचप्लेट गेली," सुभेदार लांबूनच म्हणाले.

"गेलीच, साहेब," हवालदार म्हणाले.

"काका, ह्या गाडीला क्लच नाही," अक्षता म्हणाली.

सुभेदारांनी दार उघडून आत वाकून पाहिलं. "न्हाई खरंच! पोरी, वाटंत कुठं पडला का काय?"

"पहिल्यापासूनच नाही. गिअर आपोआप पडतात."

"आपोआप?" सुभेदार सरळ उभे राहिले. "हुकूम दिल्याबिगर?"

असल्या गाडीवर त्यांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. त्यांनी धक्क्याचा हुकूम दिला. सहा निवृत्त जवान, सगळ्यांचं मिळून चारशे वर्षं वय, "जोर लगा के" म्हणत गाडी ढकलू लागले आणि ती लालासाहेबांच्या गेटासमोरच्या सपाटीवर येऊन थांबली. लालासाहेब खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी गाडीकडे पाहिलं, अक्षताकडे पाहिलं आणि "आलीस का" एवढंच म्हणाले.

हवालदारांनी नाक्यावरून जोतीराम मिस्त्रीला स्कूटरवर बसवून आणलं. त्याने बॉनेट उघडलं.

"गिअरबॉक्सचं तेल बघू," तो म्हणाला.

"आधी इंजिन बंद," सुभेदार कडाडले. "तेल बघायचं तर इंजिन बंद करून पाच मिनटं थांबायचं. तीस वर्षं ट्रकाचं तसंच बघितलंय."

गल्लीतल्या प्रत्येकाने तीस वर्षं तसंच बघितलं होतं. पाच मिनिटं सगळे मनगटाकडे बघत उभे राहिले. मग जोतीरामने तेल मोजायची पट्टी ओढून वर धरली.

"फुल्ल," सुभेदार म्हणाले.

"फुल्लच, साहेब."

पट्टीवरचं तेल तांबडं होतं. कुंडलच्या शेडमध्ये गाडीखाली असेच डाग पडत होते आणि गडी बिराप्पा पान थुंकतो म्हणून अक्षता त्याला दोनदा बोलली होती. "आवं, म्या सुपारीबी खात न्हाई," असं तो कळवळून सांगत होता.

"तेल गळतंय बहुतेक," ती म्हणाली.

"गळलं असतं तर कमी दिसलं असतं की, ताई. हितं काठोकाठ हाय." जोतीरामने हात पुसले. "मंजे आतलंच काम गेलं. गिअरबॉक्सचा डबा उतरवावा लागंल. उतरवतो मी, पण परत चढंल ह्याचं सांगत न्हाई. असला डबा जल्मात बघितला न्हाई."

"राहू दे, पोरी," लालासाहेब गेटातून म्हणाले. "आण्णाची आठवण म्हणून दारात राहू दे उभी."

अक्षताला रडू येत नव्हतं, चार महिन्यांत आलं नव्हतं.

"ताई, जॅक लावेपर्यंत आत बसून ब्रेक दाबून धरा," जोतीराम म्हणाला.

ती बसली, ब्रेक दाबला आणि तशीच थांबली. अकरा वर्षांची असताना दर रविवारी ती हेच करायची. आण्णा बॉनेटमध्ये वाकलेले आणि ती इथे. "पाय काढू नको. आता गिअरची दांडी एकेक घर फिरव. आता परत पहिल्या घरात आण." पोरीला गाडी चालवल्याचं सुख मिळावं म्हणून हा लाडाचा खेळ, असं ती आजवर समजत होती. पण त्या वेळी पायाखाली सारखी थरथर असायची. इंजिन चालू असायचं!

"काका, इंजिन चालू ठेवून तेल बघू या."

"चालू ठेवून?" सुभेदारांनी कपाळाला आठ्या घातल्या. "न्हाई, न्हाई. नियमात बसत न्हाई."

"आण्णा तसंच बघायचे."

"असंल. पण आमचा नियम..."

"केरबा," लालासाहेब खुर्चीतून म्हणाले, "आण्णा सुभेदार मेजर होता."

सुभेदारांच्या टाचा आपोआप जुळल्या. "मग चालू करा!"

अक्षताने इंजिन चालू केलं, दांडी सगळ्या घरांतून फिरवून पहिल्या घरात आणली. जोतीरामने पट्टी पुसून घातली, काढली. कोरडी ठणठणीत. त्याने पुन्हा घातली. पुन्हा कोरडी.

"आयला! बंद असताना सगळं तेल खाली येऊन बसतंय आन् पट्टीला फुल्ल लागतंय. चालू झाली की ते वर पळतंय!" त्याने पट्टी नाकाशी नेली. "जळका वास न्हाई, ताई. गिअर शाबूत हायती. नुस्ती उपाशी हाय बिचारी."

"मला वाटलंच हुतं," सुभेदार म्हणाले.

"वाटलंच हुतं, साहेब."

डिकीत आण्णांनी ठेवलेल्या डब्यातलं तांबडं तेल जोतीरामने पट्टीच्या नळीतून थोडं थोडं पाजलं. खालचं गळकं सील पुढच्या आठवड्यात बदलतो म्हणाला. अक्षताने दांडी सरकवली. गाडीने अंग झटकल्यासारखं केलं आणि ॲक्सिलरेटरला न शिवताच वीतभर पुढे सरकली.

पहिली फेरी अर्थातच सुभेदारांची. पाचपन्नास फूट गेले, वेग वाढला, आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या डाव्या पायाने क्लच दाबला. तिथे ब्रेक होता. शेजारी बसलेल्या जोतीरामने काचेला कपाळ टेकवलं. मग हवालदारांनी चाक घेतलं. ते सुभेदारांना खोटं पाडणार नव्हतेच. त्यांनी जोतीरामचं कपाळ दोनदा टेकवलं.

"सरा," लालासाहेब म्हणाले.

ते खुर्चीतून कधी उठले कुणाला कळलं नाही. स्टिअरिंगमागे बसून त्यांनी लाकडी पाय हाताने उचलून एका बाजूला ठेवला, पोतं सारावं तसा. "ह्येला काय बी सवय न्हाई," ते म्हणाले. "उजवा बघून घील."

गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. मागे बसलेले सुभेदार आणि हवालदार डोक्याला हात लावून धक्क्याची वाट बघत होते. तो आलाच नाही. कोपऱ्यावर दिवा लुकलुकला आणि गाडी कोरेगावच्या रस्त्याकडे वळली.

"आवं, च्या ठेवलाय!" लालासाहेबांच्या बायको हरणाबाई कपबशा घेऊन बाहेर आल्या. रस्ता रिकामा होता. त्या जरा वेळ बघत राहिल्या. अक्षता डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"ह्यो माणूस आता अंधार पडल्याबिगर येत न्हाई," हरणाबाई म्हणाल्या. "आन् त्या दोघांच्या घरी मलाच सांगाय जावं लागणार. चल, आधी जेवून घे."

अक्षताला कडकडून भूक लागली होती.