कुठपासून कुठपर्यंत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मिलिंदला काहीही पुसायला सांगा, फडकं हातात घेऊन तो आधी विचारणार, "अक्का, कुठपासून कुठपर्यंत?" एकदा जेवायला बोलावलं, टेबल पूस म्हटलं, तरी हेच. मी म्हटलं, "मेल्या, टेबल आहे, चिकपेटचा अख्खा बाजार नाही."

माणूस पुण्याचा, नोकरी इथल्या कोरमंगला भागात. लोणच्याची बरणी परत करताना झाकणाच्या आट्यांतूनही काडीने कापूस फिरवून आणतो. "कोपऱ्यात राहिलेलं जुनं पुढच्याच्या हाती लागतं," म्हणतो. लागू दे की, लोणचंच आहे.

मी चौथी शिकलेली. एकदा विचारलं, "तू दिवसभर करतोस काय?"

"कॉम्प्युटरच्या पोटात एक मुख्य कारभारी असतो, अक्का. त्याच्याकडे ओळीने कप्पे. रिकामे करताना लोक अंदाजाने पुसत जातात, मग शेजारचा कप्पाही पुसला जातो. मी तिथे लिहून ठेवतो, या नावाच्या कप्प्यापासून त्या नावाच्या कप्प्यापर्यंतच."

"आणि याचा पगार देतात?"

"देतात."

"सरी बाबा, ठीक आहे," म्हटलं.

जिना मी धुते, पण त्याच्या दारापुढची फरशी तो मला झाडूही देत नसे. "तेवढी मी बघतो." पुणेरी ताठा, दुसरं काय! उगादीच्या, म्हणजे आमच्या पाडव्याच्या, आदल्या दिवशी मी वरच्या पायरीवर जोरात पाणी मारलं. धुवायची होती पायरी, पाणी शिरलं फरशीवर.

मिलिंद अनवाणी धावत आला. अंगातला शर्ट काढून पाण्यापुढे आडवा टाकला आणि गुडघ्यांवर बसला. लाल फरशीवर खडूने काढलेलं वाकडं घर होतं. दारात मिलिंदसारखाच एक चष्मेवाला, हात थेट पोटातून निघालेले. शेजारी फ्रॉकवाली मुलगी. तिचे पाय पाण्याने गेले होते.

"ओवीने काढलंय. दिवाळीत आली होती तेव्हा."

ओवी त्याची लेक. आईबरोबर पुण्याला असते, वर्षातून एकदा इकडे येते.

"आधी सांगायला तोंड नव्हतं?"

"तुम्ही हसला असता."

"हसलेच असते. पाय काढ की परत, खडू आणून देते."

"मी काढलेले तिचे नसतील, अक्का," म्हणाला, आणि फ्रॉकला हात न लावता कडेकडेने पाणी टिपत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन चढले आणि मध्येच थांबले. खालूनच ओरडले, "मिलिंद! कुठपासून कुठपर्यंत?"

मग दार किलकिलं झालं.

"वरून चौथ्या पायरीपासून खाली, अक्का."