आचलचा नॉर्मल रिपोर्ट

मूल आजारी आहे हे आईला कळते, ही फार जुनी समजूत आहे आणि तिच्यामुळे समाजाचे बरेच नुकसान झाले आहे. आजार कागदावर असतो. कागद येईपर्यंत मुलाने धीर धरावा, एवढीच आजच्या काळाची अपेक्षा आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळ धानाची शेती करणाऱ्या वीरेंद्र पटलेला हे पटायला दोन वर्षे लागली. त्याची सात वर्षांची आचल इंग्रजी शाळेत होती. शाळेच्या नियम क्रमांक नऊनुसार डब्यात भात आणायला मनाई, कारण शिते बाकावर सांडतात आणि ते शाळेला शोभत नाही. (शाळेच्या चारही बाजूंना धानाच्या बांध्या आहेत. त्यांचे काय करावे यावर विचार चालू आहे.) म्हणून घरचा तांदूळ पोत्यात आणि विकतचा गहू डब्यात, अशी व्यवस्था होती. वीरेंद्रला तिचा अभिमान होता. रोज चपाती खाणारी आचल घराण्यातली पहिलीच.

अभिमानाबरोबर आचलचे पोटही फुगत गेले आणि हातपाय काडीसारखे झाले. "बाबा, पोट दुखून राहिलं," हे ती पाढ्यासारखे रोज म्हणू लागली. दिवाळीत गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले. गहू न सोसण्याचा आजार, सिलिअ‍ॅक, असावा म्हणाल्या. रक्ताची तपासणी लिहून दिली आणि बजावले, की रक्त देईपर्यंत गहू बंद करू नका. गहू पोटात असला तरच त्याची खूण रक्तात उमटते.

घरी आल्यावर वीरेंद्रची बायको रीता म्हणाली, "ज्यानं लेकरू वाळून राहिलं तेच खाऊ घालू? कायले? आधी उभी राहू दे, मंग टोचा सुई."

आमच्या झाडीपट्टीत आजाऱ्याला तांदळाची पेज देतात. आचललाही शाळा सोडवून सकाळ-संध्याकाळ पेज आणि दुपारी मऊ भात दिला. होळीपर्यंत पोर तीन किलोने भरली आणि अंगणात धावू लागली. तब्येत अशी टवटवीत झाल्यावर रक्त दिले. रिपोर्ट नॉर्मल.

प्राचार्य इंद्रकुमार सर सज्जन गृहस्थ. कुणालाही नाही म्हणत नाहीत. वीरेंद्रने आचलच्या डब्यात भात चालू द्यावा अशी विनंती केली. "पटलेजी, रिपोर्ट पॉझिटिव लाइए, फिर भात चलेगा," म्हणाले.

मग शास्त्रोक्त पद्धतीने आचलला आजारी पाडायचे ठरले. डॉक्टरीणबाईंनी दोन महिने रोज चपाती सांगितली. दुसरा मार्ग त्यांच्याकडेही नव्हता. कामाची प्रगती समाधानकारक होती. पहिल्या आठवड्यात पोट दुखले, तिसऱ्यात जुलाब सुरू झाले, आठव्यापर्यंत अडीच किलो वजन उतरले. (उरलेला अर्धा किलो राखीव ठेवला.) रीता कणीक मळायची आणि पोरीकडे न बघता ताट सरकवायची.

ऑगस्टमध्ये रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह, आणि तोही दणदणीत. नागपूरला पोटात घातलेल्या दुर्बिणीनेही खात्री झाली. वीरेंद्रने शाळेत पेढे वाटले. घरी आला आणि गोठ्यात बसून हमसून हमसून रडला.

शाळेने उदार मनाने एका वर्षाची भात-परवानगी दिली. वर्षभर आचलने गव्हाचा कणही खाल्ला नाही. उंची चार बोटे वाढली. पुढच्या ऑगस्टमध्ये नूतनीकरणासाठी पुन्हा रक्त तपासले. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, कारण पथ्य लागू पडले होते. प्राचार्यही खूश झाले.

"बधाई हो, बच्ची ठीक हो गई. अब नियम नौ."

आजार जन्मभराचा आहे, पथ्यही जन्मभराचे, असे बाईंनी पत्र दिले. शाळेने ते आदराने फाइलला लावले. पत्र म्हणजे काही रिपोर्ट नव्हे.

"बाबा, मले नोको चपाती," आचल म्हणाली.

"दोनच महिने बेटा," वीरेंद्र म्हणाला. त्याने गव्हाचे पोते गाडीवरून उतरवले.

तुम्ही वीरेंद्रला मूर्ख म्हणाल, शाळेला निर्दय म्हणाल. तुमचा तो हक्कच आहे. फक्त एवढे खरे सांगा, आचल आजारी आहे याची तुमची खात्री कधी पटली? ती स्वतः सांगत होती तेव्हा, की दुर्बिणीने सांगितले तेव्हा?