आमच्या दारापासून आमच्या दारापर्यंत

सरळ रेघ मारावी तर मीच! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. म्हणजे सांगतो, पण दुसरं कुणी सांगत नाही म्हणून. शहराच्या रस्ते खात्यात मी खडूवाला आहे. रस्त्यावर पांढरे पट्टे कुठे यायचे, ते मी आधी खडूने आखतो. मागून रंगारी येतात आणि आखलेलं रंगवतात. खात्याचा नियम एकच: खडू गेला तिथे रंग गेला. रंगाऱ्याने प्रश्न विचारायचा नाही. मागे एकाने विचारला होता. तो आता ऑफिसात टाचण्या मोजतो.

तर साहेबांनी आमच्याच घरासमोर झेब्रा क्रॉसिंग मंजूर केलं आणि मी आजोबांना छातीठोकपणे सांगून टाकलं, "सोमवारी तुम्ही पलीकडे!"

पलीकडे म्हणजे घड्याळजींकडे. हे आजोबांचे जुने दोस्त. खाली घड्याळांचं दुकान, वर घर, बरोबर आमच्या समोर. पण मधल्या रस्त्यावर गाड्या अशा सुटतात, जणू सगळ्यांच्याच घरी दूध उतू चाललंय! आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, दोघांची भेट नाही. बुद्धिबळाचा एक डाव मात्र चालू आहे, गॅलरीतून गॅलरीत. इकडे एक पट, तिकडे एक पट. चाल बोटांनी दाखवायची: एका हाताने ओळ, दुसऱ्याने घर. मध्ये दुमजली बस आली की आजोबा अंदाजाने सोंगटी हलवतात.

"घाबरलाय तो," आजोबा म्हणाले. "सारखा पाचव्या ओळीत, पाचव्या घरात येतोय. आता एक घोडा पुढे घेतला की खलास! पण मात मी समोर बसून देणार. त्याचं तोंड बघायचंय रे मला. इथून नुसतं टक्कल दिसतं."

"दिसलंच समजा!" मी म्हणालो.

सोमवारची पहाट. खडूवाला उलटा चालतो, हे तुम्हाला सांगायला हवं. आखलेलं डोळ्यांसमोर राहिलं की पुढची रेघ वाकत नाही. त्या दिवशी धुकं इतकं दाट, की कुणीतरी रस्ता कापसात गुंडाळून ठेवलाय असं वाटावं. गाड्या उठल्या नव्हत्या. कुठूनतरी पावाचा वास येत होता. मी मागे मागे सरकत होतो, दर दोन पावलांना एक पट्टा, आणि मनात आजोबा चालत होते. हळूहळू, काठी न टेकता. पट्टे त्यांच्या पायाखाली उशांसारखे दबत होते. घड्याळजींनी दार उघडलं. दुकानातली सगळी घड्याळं एकदम वाजली. एक सायकलवाली बाई टोल ऐकत जमिनीपासून वीतभर वरून तरंगत गेली, आणि तिला वाट द्यायला मी जरासा वळलो...

पाठ कशावर तरी आपटली तेव्हा मी भानावर आलो. वळून पाहिलं. आमचंच फाटक!

धुकं विरलं. पट्टे आमच्या दारातून निघून रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले होते. तिथून डावीकडे वळून बेकरी, शाळा, दवाखाना असं करत, चौकात एक चक्कर मारून, सावकाश परत आमच्या दारात! अख्खा किलोमीटर! पलीकडच्या फुटपाथला कुठेही शिवले नव्हते. रेघ मात्र एकही वाकडी नव्हती.

शेवटच्या पट्ट्यावर रंगाऱ्यांचे मुकादम ब्रश फिरवत होते.

"अहो मुकादम, हटकायचंत तरी!"

"खडूला कोण हटकणार?" ते म्हणाले. "मला वाटलं, मोठी योजना असेल. शाळेपाशी वळण मात्र झकास घेतलंत हो!"

आठ वाजता चौकात वाहतूक पोलीस आले. माणूस कायद्याचा पक्का. पट्ट्यावर कुणी चालत असेल, तर गाडी थांबणार! आणि किलोमीटरभर पट्ट्यावर कुठे ना कुठे कुणी ना कुणी चालत होतंच.

"हे क्रॉसिंग संपतं तरी कुठे?" एक मोटारवाला ओरडला.

"सुरू झालं तिथे."

"मग ती बस कशी सोडलीत?"

"बसमध्ये साठ पादचारी बसलेत. तुमच्यात किती?"

मोटारवाल्याने आरशात बघून मोजले. एकच भरला.

बुधवारपर्यंत मोटारींनी दुसरी वाट धरली. उरल्या बसगाड्या, सायकली आणि पावलं. रस्ता इतका शांत झाला, की दुपारी गॅलरीत बसलं की पलीकडच्या घड्याळांची टिकटिक ऐकू यायची. लोक मध्येच थांबून आभाळाकडे बघायचे, काही हरवल्यासारखे.

गुरुवारी साहेबांनी बोलावलं. "वर्षाचा रंग एका सकाळी संपवलात? शनिवारी सगळं खरवडून काढा. तुम्ही! एकट्याने!"

म्हणजे आजोबांच्या हातात फक्त शुक्रवार उरला.

आजोबा इस्त्रीचा सदरा घालून निघाले. "सरळच जा ना पलीकडे, गाड्या नाहीत," मी म्हणालो. "पट्टा सोडून? गुडघा नवीन आहे, अक्कल जुनीच आहे!" असं म्हणून ते पट्ट्यावरून धुंदीत चालत राहिले. तासाभराने बेल वाजली. मी दार उघडलं.

"अरे, तू इथे काय करतोस? घड्याळजी कुठंय?"

"आजोबा, हे आपलं घर आहे."

"तरीच दार ओळखीचं वाटलं."

मी खडू घेऊन धावलो. रस्त्याच्या मध्यापासून घड्याळजींच्या पायरीपर्यंत सहा पट्टे आखले. या वेळी सुलटा चालत, डोळे टक्क उघडे ठेवून. साहजिकच, सहाही वाकडे! मुकादमांनी निमूट रंगवले. रंग सुकल्यावर आजोबा पोचले. तेवढ्यात चार वाजले आणि दुकानातली घड्याळं खरंच एकदम वाजली. दोघांनी एकमेकांचे हात धरले.

मग आजोबा म्हणाले, "पट काढ. तुझा राजा जातोय!"

"माझा?" घड्याळजी म्हणाले. "अरे, तुला मात देऊन आठ महिने झाले! पट आवरूनही ठेवला मी."

"आणि मग रोज पाचवी ओळ, पाचवं घर?"

"तू गॅलरीतून रोज हात करायचास. मला वाटलं, किती दिलदारपणे हरला! म्हणून मीही दोन्ही हात हलवायचो."

शनिवारी मी खरवडणी घेऊन गेलो, तर अख्खी गल्ली पट्ट्यांवर खुर्च्या टाकून बसलेली! साहेब आले, वाकून बघितलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि योजना मुळात साहेबांचीच होती असं निघालं. पट्टे राहिले. आजोबाही आता रोज पलीकडे जातात आणि रोज समोरासमोर हरतात.

कालच आमच्या खात्यात एका ज्येष्ठ नागरिकाचा अर्ज आलाय. उत्तर देण्यासाठी माझ्याच टेबलावर. अक्षर ओळखीचं आहे. मागणी: रस्त्यावर मोटारी पूर्ववत सोडाव्यात, निदान दुमजली बसगाड्या तरी वाढवाव्यात. कारण: समोरच्याचं तोंड फारच स्पष्ट दिसतं.