पांढऱ्या सापाचं कूळ

इमारतीच्या नियमानुसार पाळीव प्राण्याला कूळ आणि रंग असणं बंधनकारक होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या ताईंनी कॉर्न स्नेक पाळला होता. दोन हात लांब, बिनविषारी आणि दुधासारखा पांढरा. समितीने ताईंना सापासह पाचारण केलं.

"मूळ कुठलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"पूर्वज अमेरिकेतले. मक्याच्या कोठारांत उंदरांमागे फिरायचे, त्यावरूनच हे नाव पडलं म्हणतात. हा मात्र पाळणाऱ्याच्या घरी, पेटीत जन्मला."

"आईबाप पांढरे?"

"छे! दोघंही तांबूस, अंगावर काळ्या कडांचे ठिपके. पिल्लात काळा उतरला नाही तर ते नारिंगी होतं, तांबडा उतरला नाही तर करडं. याच्यात दोन्ही उतरले नाहीत."

"मग पांढरा आला कुठून?"

"आईबापांच्या रक्तातच दडला होता."

"म्हणजे त्यांनी माहिती दडवली!"

"अहो, त्यांनाच ठाऊक नव्हती."

"अज्ञान ही सबब होऊ शकत नाही," अध्यक्ष म्हणाले. ठराव झाला: ज्याचा रंग आईबापांशी जुळत नाही, त्याने इमारत सोडावी. घाईघाईत त्यात 'साप' हा शब्द घालायचा राहून गेला.

दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांनी अध्यक्षांच्या नातीकडे बोट दाखवलं. घरात सगळ्यांचे डोळे काळेभोर, हिचे मात्र घारे. अध्यक्षीणबाई सुनेशी बोलेनाशा झाल्या, मुलगा बाहेर जेवू लागला.

शेवटी अध्यक्षांनी ताईंचं चष्म्याचं दुकान गाठलं. डोळे तपासायच्या खुर्चीत बसून हळूच म्हणाले, "ताई, ते दडलेल्या रंगाचं जरा पुन्हा सांगा. सापाचं नको, माणसाचं."

"तेच असतं हो. तुमच्याकडूनही आलं असेल. तुमच्यात दिसलं नाही, एवढंच."

अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला. लगेच तातडीची बैठक भरली. दडलेला रंग माणसात आढळल्यास कुळाची श्रीमंती समजावी, सापात आढळल्यास फसवणूक, ही दुरुस्ती एकमताने मंजूर झाली.

ताईंनी बिऱ्हाड हलवलं. काचेची पेटी जिन्यावरून उतरवताना दुसरं टोक धरायला एकटी अध्यक्षांची सून आली. "चुकलं कुणाचं हो?" तिने विचारलं. "पायरी बघून," ताई म्हणाल्या.

समितीला हसणं सोपं आहे. मुलासाठी मुलगी बघायला गेला होतात, तेव्हा तुम्ही आधी काय विचारलं होतंत?