साहेबांचे निळे खडे आणि कुकरच्या तीन शिट्ट्या

जंतू मारण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ही फुशारकी नाही, बावीस वर्षांची नोकरी आहे. मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याचा विभाग असतो, तिथला मी प्रमुख. कात्र्या-चिमट्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर आम्ही कागदाची एक पट्टी वाफेच्या यंत्रात टाकतो. पट्टी काळी झाली की समजायचं, आत जिवंत असं काही उरलेलं नाही. ती काळी पट्टी बघितली की मला आजही बरं वाटतं.

अशा माणसाच्या घरी सासऱ्यांनी दहा दिवसांसाठी आपला मासा ठेवला.

गुडघ्याच्या इलाजासाठी ते माझ्या थोरल्या मेहुण्याकडे निघाले होते. काचेची टाकी निम्मी रिकामी करून टेम्पोतून आणली. मासा एका बादलीत, उरलेलं पाणी दोन बादल्यांत. माशाचं नाव साहेब. सोनेरी, वीतभर लांब, वय वर्षं अकरा. दिवसभर तोंड उघडतो आणि मिटतो, ऐकू काहीच येत नाही आणि खायला वेळेवर मिळालं नाही तर काचेशी येऊन नुसता बघत राहतो. सासऱ्यांची तीस वर्षं अशाच एका साहेबाच्या हाताखाली गेली होती, म्हणून सासूबाईंनी हे नाव ठेवलं.

मासा सासूबाईंनीच आणला होता. टाकीच्या तळाचे निळे खडे त्यांनीच एकेक करून निवडले होते. त्या गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून सासरे सकाळचा चहा टाकीसमोर बसून पितात. त्या घरात आता बोलायला तेवढाच एक आहे.

"रोज चिमूटभर खाऊ," सासरे जाताना म्हणाले. "बाकी कशाला हात लावू नका, जावईबापू."

आता सांगा, जावयाला त्रास नको म्हणून माणूस असं बोलतोच की नाही? मी मनातल्या मनात ठरवलं, दहा दिवसांनी टाकी अशी परत करायची की सासरे बघतच राहतील.

कारण टाकीची अवस्था! खड्यांवर तपकिरी साय. मागच्या काचेवर हिरवं शेवाळ. आणि कोपऱ्यातला फिल्टर उघडला तर त्याच्या स्पंजमधून जे काही निघालं, ते आमच्या विभागात आलं असतं तर मी तिघांना मेमो दिले असते. अकरा वर्षं तो बिचारा जीव या घाणीत राहतोय, या विचाराने माझं मन भरून आलं.

दुसऱ्या दिवशी बायको कामावर होती आणि मला सुट्टी होती. काच मी घासून घासून अशी केली की आई तिच्याकडे बघून पदर नीट करायला लागली. खडे कुकरमध्ये घातले आणि तीन शिट्ट्या काढल्या. मग ते फडक्यावर, ओट्यावर, तांदळाच्या उघड्या डब्याशेजारी वाळत घातले. जुना स्पंज आईपुढे धरून म्हटलं, हा लांब कुठेतरी टाकून दे. त्याच्या जागी पांढराशुभ्र नवा बसवला. राहता राहिलं पाणी. नळाचं पाणी साहेबांना चालेल, पण मला कसं चालणार? साठ लिटर पाणी पातेल्या-पातेल्यांनी उकळलं आणि गार केलं. शेवटच्या पातेल्याला गॅस संपला.

संध्याकाळी बायकोने आधी कुकर बघितला. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही. रात्री जेवायला ब्रेड होता.

पण टाकी! पाणी आहे की नाही तेच कळेना. निळ्या खड्यांवरून साहेब हवेत तरंगल्यासारखे चालले होते. मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांना पहिल्यांदाच नीट पाहिलं. प्रत्येक खवल्याला वेगळी चमक, शेपटीत दिसतील न दिसतील अशा शिरा, आणि पापणी नसलेला तो गोल डोळा. एवढा देखणा जीव अकरा वर्षं आमच्या नात्यात होता आणि मी एकदाही वाकून बघितला नव्हता. मी जेवायला उठलोच नाही. तसा ब्रेडच होता म्हणा.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मी म्हटलं, बसेल खाली. चौथ्या दिवशी सकाळी साहेब पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा ओढत होते. कल्ले लालभडक झाले होते. चिमूटभर खाऊ टाकला, त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

बायको टाकीसमोर उभी राहिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "अहो, बाबांना मी काय सांगू?"

मी तसाच निघालो. चौकापलीकडे शोभेच्या माशांचं दुकान आहे. गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेल्या एक बाई ते चालवतात. मी सगळी हकिगत सांगितली आणि तीही जरा अभिमानानेच, कारण चूक माझी असेल हे अजून डोक्यात शिरलं नव्हतं. खडे उकडल्याचं ऐकून बाईंनी चष्मा चढवला. पाणी उकळल्याचं ऐकून चष्मा काढला.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचं विष होतं. ते विष खाऊन पचवणारे जंतू स्पंजमध्ये आणि खड्यांवर राहतात. त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. एकदा बसली की ती वर्षानुवर्षं गुपचूप काम करते.

"म्हणजे ती घाण?" मी विचारलं.

"ती घाण म्हणजेच तुमचा फिल्टर," बाई म्हणाल्या. "स्पंज नुसता त्यांना राहायला असतो. तो टाकीतल्याच पाण्यात अलगद पिळायचा असतो, तोही महिन्यातून एकदा. तुम्ही अख्खं गाव उकडलंत हो."

मी खाली बसलो. बावीस वर्षं मी ज्यांना मारण्याचा पगार घेतला, ते तिकडे एका म्हाताऱ्या माशाला फुकट सांभाळत होते.

बाईंकडे जुने स्पंज होते, पण त्यांच्या टाक्यांमध्ये रोग शिरला होता, म्हणून त्यांनी ते द्यायला साफ नकार दिला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. खाऊ बंद करा. भरून ठेवलेल्या शिळ्या पाण्याने रोज थोडं थोडं पाणी बदला. आणि काहीही करून तुमचा जुना स्पंज शोधा. ओला असेल आणि कुंडीतल्या मातीसारखा वास येत असेल तर तो जिवंत आहे, सडका वास आला तर आशा सोडा.

जुना स्पंज! मी धावत कचऱ्याची गाडी गाठली. गाडीवाल्याला वाटलं माझी अंगठी हरवली. घाणेरडा स्पंज शोधतोय म्हटल्यावर तो माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागला. तरी भला माणूस, त्याने मला स्वतःचे हातमोजे दिले आणि मी रस्त्याच्या कडेला कोपरापर्यंत कचऱ्यात हात घातला. तेवढ्यात समोरून आमच्या रुग्णालयाच्या मेट्रनबाई आल्या. गेल्याच महिन्यात त्यांनी सगळ्यांसमोर मला स्वच्छतेचा आदर्श म्हटलं होतं. त्यांनी विचारलं, काय शोधताय. मी म्हटलं, जंतू. त्या रस्ता ओलांडून गेल्या.

स्पंज मिळाला नाही. घरी येऊन मी आईपुढे बसलो आणि सगळं सांगून टाकलं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो काळा स्पंज होय? तो मी कशाला टाकेन?"

माझी आई काहीच टाकत नाही. फाटक्या पायमोज्यांपासून रिकाम्या बाटल्यांपर्यंत सगळं तिच्या बाल्कनीत असतं आणि याच बाल्कनीवरून मी तिच्याशी वीस वर्षं वाद घालतोय. टेम्पोतून आलेलं टाकीचं जुनं पाणी झाडांना चांगलं म्हणून तिने दोन बादल्यांत राखून ठेवलं होतं. त्यातल्याच एका बादलीत तो स्पंज तरंगत होता. येता-जाता ती तो पाण्यात बुडवून कुंड्यांवर पिळत होती.

मी तो दोन्ही हातांनी उचलला, नाकाशी नेला. ओल्या मातीचा वास! मी आईच्या पाया पडलो. ती म्हणाली, आधी हात धू. मी म्हटलं, आता धुण्याचं नाव काढू नकोस.

स्पंज पुन्हा फिल्टरमध्ये गेला. त्याच्या पाण्याचे चार थेंब बाटलीत घेऊन मी दुसऱ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत गेलो आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काय सांगू तुम्हाला! काचेसारखे पारदर्शक जीव गिरक्या घेत होते. कुणाला केसांची झालर, कुणी देठावर उभं राहून घास ओढतंय आणि या सगळ्यांच्या मधे ठिपक्यांची गर्दी, बारीक, थरथरती. ठिपके म्हणजेच जंतू, असं तिथल्या तंत्रज्ञाने सांगितलं. इतकी वर्षं मी फक्त काळी पट्टी बघत आलो होतो. ते जिवंत असताना कसे दिसतात हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तंत्रज्ञाला वाटलं, भिंगाचा प्रकाश सहन होत नाहीये.

साहेब सहाव्या दिवशी पृष्ठभागावरून खाली उतरले. आठव्या दिवशी पाणी निवळलं. नवव्या दिवशी ते काचेशी येऊन माझ्याकडे बघत राहिले आणि मी चिमूट सोडल्याबरोबर खाऊ गट्ट केला. बायको स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडली आणि बाहेर येऊन मला चहा दिला. पाच दिवसांतला तो पहिला.

दहाव्या दिवशी सासरे आले. काठी टेकत थेट टाकीसमोर गेले आणि बसले. साहेब सरसर पुढे आले. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ बघितलं. आम्ही तिघं मागे भिंतीला टेकून उभे.

"झकास आहे," सासरे म्हणाले. "हात नाही ना लावला कशाला?"

"छे!" मी म्हणालो. आई छताकडे बघत होती.

मग आम्ही जेवायला बसलो. बायकोने वाढलं. सासऱ्यांनी भाताचा दुसरा घास तोंडात घातला आणि कर्रकन आवाज झाला. भातात खडा निघतोच कधीमधी. सासऱ्यांनी तो बोटांवर घेतला, चष्मा नाकावर सरकवून उजेडात धरला. खडा निळा होता.

सासऱ्यांनी एकदा खड्याकडे बघितलं, एकदा टाकीकडे, मग माझ्याकडे.

"किती शिट्ट्या?"

"तीन," मी म्हणालो.

सासरे काठी टेकत उठले, टाकीपाशी गेले आणि खडा पाण्यात सोडला. तो डुलत डुलत तळाशी गेला. साहेबांनी तोंडाने त्याला एकदा ढोसून पाहिलं.

"पहिल्या वर्षी मी हेच खडे सोड्याने धुतले होते," सासरे टाकीकडे बघतच म्हणाले. "साहेब मरता मरता वाचले. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. म्हणून तर तुम्हाला सांगून गेलो, हात लावू नका."

मग परत येऊन ताटावर बसले आणि भात कालवता कालवता म्हणाले, "तुम्ही निदान शिट्ट्या तरी मोजल्यात."